पियानोच्या बाकड्यात निघाली ४१ जुनी युद्धगीतं. ठेवू, विकू की रद्दीत घालू?

पांढरी_पाच:

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे आणि मला थोडक्यात सांगता येत नाही, तेव्हा चहा घेऊन बसा.

आम्ही ओहायोत, डेटनजवळ राहतो. लेक बारा वर्षांची आहे, तीन वर्षं कीबोर्डवर शिकली. आता तिच्या बाई म्हणाल्या, खरा पियानो घ्या. नव्या पियानोची किंमत ऐकून नवऱ्याने विषय बदलला. मग गेल्या महिन्यात एका इस्टेट सेलमध्ये ८० डॉलरला जुना उभा पियानो मिळाला (घरी आणायला २५० लागले, ते वेगळं). भारतातल्यांसाठी सांगते: घरातलं म्हातारं माणूस गेलं की इथे मुलं घरातलं सगळं विकायला काढतात, कढईपासून टाचण्यांच्या डबीपर्यंत प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी. पहिल्यांदा गेले तेव्हा कुणाच्या तरी तेराव्याला बाजार भरवल्यासारखं वाटलं होतं. आता सरावलेय.

पियानोबरोबर त्याचं बसायचं बाकडं आलं. त्याचं झाकण उघडतं हे आम्हाला आठ दिवस माहीतच नव्हतं, बिजागऱ्या गंजून बसल्या होत्या. माझी आई सध्या सहा महिन्यांसाठी आलीय. तिने खोबरेल तेल सोडलं आणि उलथन्याने झाकण उचकटलं. आत शीट म्युझिकचा गठ्ठा, म्हणजे पियानोवर वाजवायच्या गाण्यांच्या छापील प्रती. मोजली, ४१ गाणी. दोनतीन सोडली तर सगळी १९१५ ते १९१९ मधली, आणि बहुतेक पहिल्या महायुद्धावरची. झेंडे, तोफा, खंदक, परिचारिका, दारात उभी म्हातारी आई. मुखपृष्ठं इतकी रंगीत की आईला आधी दिवाळी अंकच वाटले.

प्रत्येकावर वरच्या कोपऱ्यात एकाच मुलीचं नाव, जांभळ्या शाईत, आणि खाली महिना-साल. आणल्या दिवशीच टाकलेलं असणार. गठ्ठाही रचल्यासारखा, जुनं तळाशी, नवं वर. तळाशी १९१५चं ‘आय डिडन्ट रेझ माय बॉय टू बी अ सोल्जर’. म्हणजे मी पोराला शिपाई करायला वाढवलं नाही, असं सांगणाऱ्या आईचं गाणं. त्यावर चारपाच सटरफटर प्रेमगीतं, आणि त्यांच्यावर १९१७चं ‘ओव्हर देअर’, ज्यात पोराला बंदूक घेऊन निघायला सांगतात. दोन्हींचा प्रकाशक एकच, न्यूयॉर्कचा लिओ फाइस्ट. दुकानदार तोच, गिऱ्हाईकही तेच, मध्ये फक्त दोन वर्षं. हे दोन कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि त्या दिवशी भाजी करपली.

सगळ्यात वर १९१८चं ‘टिल वी मीट अगेन’. हे बहुधा रोज वाजत असणार. कडा झिजलेल्या, घडीवर तीन वेळा चिकटपट्टी लावलेली, सुरांवर पेन्सिलीने बोटांचे आकडे, कुठला सूर कुठल्या बोटाने वाजवायचा ते.

आता अडचणी सांगते. कागद पापडासारखा झालाय, उलगडला की कोपरा हातात येतो. लेकीने मोठ्या आकाराच्या प्रती फाइलमध्ये बसाव्यात म्हणून कात्री घेतली होती, ती वेळेवर काढून घेतली. आई म्हणते, लॅमिनेट करून टाक, सत्यनारायणाच्या पोथीसारखं. नवरा म्हणतो, सगळा गठ्ठा नेटवर विक, श्रीमंत होऊ. शाळेत ११ नोव्हेंबरला माजी सैनिकांच्या दिवसाचा कार्यक्रम असतो, तिथे लेकीला यातलं एक वाजवायचंय. कॉपीराइटचं काही लफडं नाही ना? आणि आकारात एवढा फरक का? काही प्रती ताटाएवढ्या, काही वहीएवढ्या.

शेवटचं. एक गाणं बाकीच्यांसारखं नाहीच. दोन रंगांत छापलेलं, शेजारच्या इंडियाना राज्यातल्या एका छोट्या गावातलं. शब्दही एका बाईंचे आणि प्रकाशक म्हणूनही त्याच. लेक म्हणाली, “आई, ह्यात मात्राच जुळत नाहीत, चारच्या खान्यात पाच कोंबल्यात.” असली गाणी कोण छापायचं?

—

कागदीघोडा:

आधी हात जोडून विनंती: लॅमिनेट करू नका. उष्णतेने प्लॅस्टिक कागदात मुरतं, ते पुन्हा कधीही निघत नाही आणि आतला कागद पिवळा व्हायचा थांबतही नाही. मी आयुष्यभर अभिलेखागारात कागद जपण्याचं काम केलंय. पूर आणि वाळवी यांच्या खालोखाल नुकसान मायेने केलेल्या लॅमिनेशनचं पाहिलंय. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, पण त्यांना मशिनपासून लांब ठेवा.

तो काळ लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदाचा. त्यात आम्ल असतं आणि तेच कागदाला आतून खातं. आम्लविरहित कागदाची फोल्डर घ्या, एका फोल्डरात थोडीच गाणी, आडवी ठेवा. फार नाजूक असतील त्यांना पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं. पीव्हीसीची नकोत, ती चिकटतात. तळघर नको, माळाही नको. घरातल्या कपाटाचा मधला कप्पा उत्तम. जुनी चिकटपट्टी स्वतः ओढू नका, छपाई सोबत येईल. पेन्सिलीचे आकडे खोडलेत तर मी तिकडे येऊन भांडेन. आणि पांढरे हातमोजे घालून फोटो काढायची हौस असेल तर तीही सोडा, मोज्यात बोटांना कागद कळत नाही आणि फाटतो. हात धुवा, कोरडे करा, पुरे.

आकाराचं कारण युद्धातच आहे. त्याआधीची सर्वसाधारण प्रत साधारण साडेदहा बाय साडेतेरा इंच असायची. अमेरिका ६ एप्रिल १९१७ला युद्धात उतरली आणि कागद वाचवायची मोहीम सुरू झाली. फाइस्टने लहान आकाराच्या प्रतींवर छापलंच होतं की सरकारला साथ म्हणून आणि कागदाच्या बचतीसाठी हे गाणं नेहमीपेक्षा लहान काढलंय. तुमच्या वहीएवढ्या प्रतींच्या समासात किंवा आतल्या पानावर ती सूचना शोधा, ‘सेव्ह’ हा शब्द लागोपाठ आलेला दिसेल. युद्ध संपलं तरी मोठा आकार परत आला नाही, नऊ बाय बारा इंच हाच रुळला. प्रकाशकांना कागदाचा पैसा वाचतोय हे कळल्यावर कोण मागे जातंय!

त्यामुळे मोठ्या प्रती कापू नका. तुमच्या लेकीची कात्री काही पहिली नाही. शंभर वर्षं लोक बाकड्यात मावावं म्हणून या प्रतींचे काठ छाटत आलेत. न छाटलेली प्रत दिसली की संग्राहकाचा चेहरा उजळतो.

किमतीचं मात्र यजमानांना हळूच सांगा. ही गाणी लाखांच्या संख्येने छापली गेली, जवळजवळ प्रत्येक पियानोच्या बाकड्यात होती. बहुतेकांना आज थोडेफार डॉलर मिळतात, तेही गिऱ्हाईक भेटलं तर. ‘ओव्हर देअर’च्या मुखपृष्ठावर शेकोटीभोवती गाणारे शिपाई असतील तर ते नामवंत चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं चित्र आहे, त्याला जरा जास्त भाव. बाईचा फोटो असेल तर ती नोरा बेझ, तिने ते गाणं गाजवलं.

—

पांढरी_पाच:

@कागदीघोडा, शेकोटी आहे! पण शेकोटीवरच चहाच्या कपाचा गोल डाग आहे. नवऱ्याला सांगितलं, तो गप्प बसला आणि मग म्हणाला, “पण पियानो तर ८०लाच मिळाला ना.”

सूचनाही सापडली, अगदी बारीक टायपात. आईला मराठीत सांगितली तर म्हणाली, “म्हणजे आमच्यावेळी वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायचो तसंच की.”

—

नाट्यवेडा_पुणे:

ताई, तुमच्या त्या दोन कागदांत आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. व्यापारी तो व्यापारी. न्यूयॉर्कच्या वेस्ट २८व्या रस्त्यावर, ब्रॉडवे आणि सहाव्या अव्हेन्यूच्या मधल्या पट्ट्यात, या गाणी छापणाऱ्यांची दुकानं होती, टिन पॅन अ‍ॅली म्हणत. हवा बघून गाणं निघायचं. १९१५मध्ये लोकांना युद्ध नको होतं, तर अल्फ्रेड ब्रायन आणि अल पियान्टाडोसी यांनी ते आईचं गाणं केलं. ते इतकं खपलं की माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टसारख्या युद्धाच्या बाजूच्या माणसाने त्याची जाहीर टिंगल केली आणि उलट्या अर्थाची गाणी बाजारात आली. १९१७ला वारा फिरला आणि जॉर्ज कोहनने ‘ओव्हर देअर’ लिहिलं. फाइस्टने त्याचे हक्क २५,००० डॉलरला घेतले. त्या काळचे पंचवीस हजार! पुढे १९३६मध्ये अमेरिकन काँग्रेसने कोहनला सुवर्णपदक मंजूर केलं. आईच्या गाण्याला कुणी पदक दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे असा धंदा झाला नाही, कारण घरात नोटेशन वाचणारं कोणी नव्हतं. संगीत नाटकाला गेलं की थिएटरच्या दारात पदांची पुस्तिका मिळे, तिच्यात नुसते शब्द. चाल कानाने उचलायची. माझ्या आजीकडे अशा पुस्तिकांची चळत होती, एकीवरही सूर लिहिलेला नाही, वर फार तर रागाचं आणि तालाचं नाव आणि ‘चाल अमक्याची’. भातखंड्यांनी बंदिशी लिपीत बांधल्या, पण त्या शिकणाऱ्यांसाठी. शेजारणीने दुकानातून दहा सेंटांना गाणं आणून संध्याकाळी वाजवून दाखवावं, ही गंमत आपल्या वाट्याला आली नाही. तिकडे वुलवर्थच्या दुकानात एक माणूस पियानोवर बसलेला असे, त्याचं काम दिवसभर गाणी वाजवून दाखवायची आणि खपवायची. आपल्याकडे साडीच्या दुकानात गादीवरचा माणूस पदर अंगावर घेऊन दाखवतो ना, तसंच.

तुमच्या प्रतींची मागची पानं पाहिलीत का? तिथे दुसऱ्याच गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी छापून मध्येच तोडलेल्या असतील. पुढचं हवं तर दुकानात या!

—

पांढरी_पाच:

काका, अगदी बरोबर. लेक मागच्या पानावरचं वाजवत होती, रंगात आली आणि पानच संपलं. तिने पान उलटसुलट करून पाहिलं, मग माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच फाडलं. शंभर वर्षांनीही जाहिरात लागू पडली!

व्यापारी हवा बघणार हे पटलं. पण माझ्या डोक्यातून त्याच्यापेक्षा ती जांभळी शाई जात नाहीये. फाइस्टसाठी ती दोन वेगळी गिऱ्हाइकं असू शकतात, इथे दोन्हींवर नाव एकच आहे. आणि १९१७चं आणल्यावर तिने १९१५चं फेकलं नाही. उलट त्याच्या मधल्या पानावर पेन्सिलीचे आकडे आहेत, ‘ओव्हर देअर’वर एकही नाही. नुसतं नवंकोरं, चहाच्या डागासकट.

—

थेम्सकाठी:

मी गेली बावीस वर्षं इंग्लंडात. इकडच्या जुन्या बाजारात ही गाणी खोक्यांनी मिळतात. ४१ मध्ये ‘कीप द होम फायर्स बर्निंग’ आहे का बघा, अमेरिकेतही खूप चाललं होतं. १९१४चं, चाल आयव्हर नॉव्हेलोची, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. शब्द लीना गिल्बर्ट फोर्ड या बाईंचे. त्या मूळच्या अमेरिकन, लंडनात राहायच्या. घरातली चूल पेटती ठेवा, पोरं परत येतील, असं सांगणारं गाणं. मार्च १९१८मध्ये लंडनवर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले, त्यात बाई आणि त्यांचा मुलगा दोघंही गेले. घरातच.

कार्यक्रमाचं: तुमच्या अमेरिकेत १९१७-१८ची प्रकाशित गाणी कॉपीराइटमधून केव्हाच मुक्त झालीत. वाजवा, छापा, वाटा. दुसऱ्या महायुद्धातली असतील तर थांबा, तिथे प्रकाशनापासून ९५ वर्षं धरतात. १९४१चं गाणं २०३६ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचं. त्या ‘दोनतीन सोडली तर’मध्ये ‘द व्हाइट क्लिफ्स ऑफ डोव्हर’ असेल असा माझा अंदाज. सुरांच्या वर गिटारच्या तारांचे चौकोन छापलेले दिसले की प्रत पहिल्या युद्धातली नाही, ते चौकोन नंतर आले. बाय द वे, त्या गाण्यात डोव्हरच्या कड्यांवर ब्लूबर्ड उडतात. ब्लूबर्ड अमेरिकेतला पक्षी, इंग्लंडात नसतो! लिहिणारा अमेरिकन होता. इथल्या म्हाताऱ्या मात्र डोळे पुसत गातात, एकीलाही मी हे सांगितलेलं नाही.

—

मांडवीचे_पाणी:

पणजीहून. तुमचं वाचून आमच्या शेजारचे म्हातारे आठवले. व्हायोलिन वाजवायचे. लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज शिकलेले, म्हणजे अक्षरओळख होण्याआधी नोटेशन. अशीच आमच्या गोंयची कितीतरी माणसं मुंबईला जाऊन बँडमध्ये आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली, कारण समोर कागद ठेवला की वाजवायचे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत गोरे शिपाई भरलेले, हॉटेलांत रोज रात्री नाच, आणि बँडला रोज नवी विलायती गाणी लागत. ती यायची कागदावर, धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानात. म्हातारे सांगायचे, एक प्रत विकत घ्यायची आणि रात्री जागून सगळ्या वाद्यांचे पार्ट हाताने उतरवायचे.

त्यांची एक पत्र्याची ट्रंक होती. ते गेल्यावर मुलाने उघडली तर वर कसर आणि खाली वाळवी. पावसाळे किती काढले होते तिने! वरच्या थरातला एक कागद धड निघाला, त्यावर अर्धंच गाणं, बाकीचं पावडर. कागदीघोडा म्हणतात तसं ताबडतोब करा आणि आधी फोटो काढून घ्या. स्कॅनरवर दाबू नका, टेबलावर ठेवून वरून मोबाइलने काढले तरी चालतं.

—

कागदीघोडा:

मांडवी, बरोबर. ताई, तुमचा पाच मात्रांचा प्रश्न राहिलाच. युद्धाच्या काळात अमेरिकेत हौशी कवींना ऊत आला होता. मासिकांत जाहिराती असायच्या: तुमची कविता पाठवा, आम्ही चाल लावतो, छापतो, तुम्ही श्रीमंत व्हा. पैसे आधी तुम्हीच भरायचे. चाल लावणारा भाडोत्री माणूस एका दिवसात कितीतरी कविता हातावेगळ्या करी, कधी तीच चाल दुसरीलाही. अशा धंदेवाल्यांना ‘सॉंग शार्क’ म्हणत. काही जण स्वतःच गावातल्या छापखान्यातून काढायचे. तुमच्या प्रतीवर बाईच प्रकाशक आहेत, म्हणजे खिशातले पैसे त्यांचेच गेले असणार. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पहिल्या महायुद्धाच्या शीट म्युझिकच्या सुमारे १४,००० प्रती आहेत आणि त्यांत अशा हौशींचा भरणा मोठा. त्यांची छायाचित्रं नेटवर फुकट पाहता येतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला जुन्या शीट म्युझिकचा लेव्ही संग्रहही चाळा. तुमच्या गठ्ठ्यातल्या एखाद्याचं मधलं सुटं पान हरवलं असेल (नेहमी तेच हरवतं) तर तिथून छापून घ्या.

४१ पैकी चाळीस इतरत्र सापडतील. ते एक जिवापाड जपा.

—

पांढरी_पाच:

सगळ्यांचे आभार. अहवाल देते.

फोल्डर आली. फोटो झाले, आईने एकेक पान धरलं, मी वरून काढलं, दोन रविवार गेले. ‘हॅलो सेंट्रल! गिव्ह मी नो मॅन्स लँड’चं मधलं पान खरंच नव्हतं. मुलगी टेलिफोन फिरवून युद्धावर गेलेल्या बापाशी बोलायला मागते ते गाणं, मुखपृष्ठावर गायक अल जोल्सन. लायब्ररीच्या साइटवर मिळालं, छापून आत ठेवलं. थेम्सकाठी, डोव्हरचं आहे, चौकोनांसकट, आणि ‘होम फायर्स’ही आहे. त्या बाईंचं वाचल्यावर ते वाजवायला लेक तयार नाही, म्हणते नंतर.

कार्यक्रमाला ‘टिल वी मीट अगेन’ ठरलंय. तिच्या बाईंनी पेन्सिलीचे आकडे पाहिले आणि म्हणाल्या, हीच बोटं ठेव, जिने लिहिलीत तिला कळत होतं.

आणि इंडियानाच्या बाईंचं गाणं काल रात्री वाजवलं. लेक त्या पाच मात्रांच्या खान्यापाशी प्रत्येक वेळी अडखळत होती. आई मेथी निवडत बसली होती. तिसऱ्या वेळी तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि टेबलावर बोटांनी ठेका धरला, धी ना धी धी ना. “चुकलंय कुठे? अर्धा झपताल आहे,” म्हणाली. “म्हण माझ्याबरोबर.” दोघी त्या एका खान्यातून नीट पार झाल्या. पुढच्याच खान्यात परत चार मात्रा आल्या आणि आईचा ठेका एकटाच पुढे गेला.